वाचक म्हणजे मासा नव्हे

लेखाची सुरुवात वाचकाला अडकवून ठेवण्यासाठी असते, हे मत आज मोबाइलवर वाचला जाणारा मराठी मजकूर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मान्य करून टाकलं आहे. मला ते चूक वाटतं, आणि चुकीपेक्षाही जास्त उर्मट वाटतं. समोरचा मजकूर आपल्या कामाचा आहे की नाही हे वाचकाला पटकन ठरवता यावं, एवढ्यासाठी सुरुवात असते. कामाचा नसेल तर त्याने खुशाल निघून जावं. माझी बहुतेक उदाहरणं जालना जिल्ह्यातली आहेत, कारण तिथल्या वाचकाची या प्रकारात चाललेली परवड मी रोज बघतो.

विरुद्ध बाजू आधी नीट मांडतो, म्हणजे नंतर कुणाला "आमचं म्हणणं तसं नव्हतंच" असं म्हणायला नको. कंटेंट रायटिंगच्या कार्यशाळांत ती पडद्यावर साधारण अशी येते: माणसाचं लक्ष आठ सेकंदांपलीकडे टिकत नाही, गोल्डफिशचं मात्र नऊ सेकंद टिकतं. म्हणून पहिल्या दोन ओळींत हुक टाका. मुद्दा लगेच सांगू नका, सांगितलात की वाचक गेला. एखादा प्रश्न विचारा, एखादं गुपित राखा, नाहीतर कुणाचे तरी पाणावलेले डोळे दाखवा. मुद्दा तळाशी आणि जाहिराती मधे. माहिती कुणालाच नको असते, सगळ्यांना थरार हवा असतो; गावाकडच्या वाचकाला तर जरा जास्तच. हे शेवटचं वाक्य पडद्यावर नसतं, ते चहाच्या सुट्टीत बोललं जातं.

वाचक मासा आणि सुरुवात म्हणजे गळ. उपमेत निदान सुसंगती आहे, हे मान्य करतो. माझ्याकडून एवढीच सवलत.

आता तो मासा. आठ आणि नऊ सेकंदांचा हा आकडा जगभर पसरला तो मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने २०१५ साली काढलेल्या एका अहवालातून. अहवालाने तो आकडेवारी गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावरून उचलला होता. २०१७ मध्ये बीबीसीने त्याचं मूळ शोधायचा प्रयत्न केला, तर मागे कुठलं संशोधनच सापडेना. शिवाय गोल्डफिश हा काही विसराळू प्राणी नाही. स्मरणशक्तीच्या प्रयोगांसाठी शास्त्रज्ञ त्याला कित्येक दशकं वापरत आले आहेत. म्हणजे ज्या आकड्यावर ही सगळी विद्या उभी आहे, तो माणसाबद्दल निराधार आणि माशाबद्दल अपमानास्पद आहे. तरी कार्यशाळेत तो अजून पहिल्या स्लाइडवर असतो. बहुधा हुक म्हणून.

आणि आठ सेकंदांचा हा माणूस जालन्यात राहतो तरी कुठे? १ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. त्यानंतरचे कित्येक दिवस अख्खा जिल्हा मोबाइलवर लाइव्ह लावून बसला होता. हलत्या कॅमेऱ्यातलं, आवाज मधेच जाणारं, कुणीही न कापलेलं चित्रण लोक तासन्‌तास बघत होते. दोन-दोन तासांची कीर्तनं यूट्यूबवर ऐकणारा माणूस हाच, आणि एकदिवसीय सामना शेवटच्या षटकापर्यंत न सोडणाराही हाच. मग तुमच्या लेखावरूनच तो आठव्या सेकंदाला का पळतो? कारण तुम्ही काही सांगणार नाही हे त्याला तिसऱ्याच सेकंदाला कळलेलं असतं.

या विद्येचं सगळ्यात लाडकं शस्त्र म्हणजे अवतरणचिन्हात बसवलेलं 'या'. "'या' जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या खात्यात पीक विमा जमा, यादीत तुमचं नाव आहे का?" घनसावंगीतला एक कापूस उत्पादक हे वाचतो. त्याचा जिल्हा असू शकतो, म्हणून तो दाबतो. पहिल्या परिच्छेदात त्याला कळतं की शेतकरी हा देशाचा कणा आहे. हे त्याला ठाऊक होतं. कणा कुठे दुखतो तेही ठाऊक होतं. दुसऱ्या परिच्छेदात निसर्गाचा लहरीपणा. मग एक जाहिरात. तिसऱ्यात पीक विमा म्हणजे काय. पुन्हा जाहिरात, आणि ती बंद करायची फुली नखाहून लहान. शेवटून दुसऱ्या ओळीत जिल्ह्यांची नावं, आणि त्यात जालना नाही. ही बातमी खोटी नव्हती, हे लक्षात घ्या. ती खरीच होती, फक्त त्याची नव्हती. पहिल्या ओळीत जिल्ह्यांची नावं दिली असती तर त्याचा काही वेळ आणि थोडी आशा, दोन्ही वाचलं असतं. लिहिणाऱ्याचं मात्र एक क्लिक बुडालं असतं.

कुणी म्हणेल, ही टोकाची उदाहरणं झाली. बरं, मग एक महत्त्वाची बातमी घेऊ. एक रुपयात पीक विमा ही योजना राज्यात २०२३ च्या खरिपापासून होती आणि २०२५ च्या खरिपापासून ती बंद झाली. शेतकऱ्याला यातलं काय हवं होतं? दोन आकडे: खरिपातल्या धान्याला आणि गळिताच्या पिकांना विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के हप्ता, आणि कापसासारख्या नगदी पिकाला पाच टक्के. कापूस आणि सोयाबीन दोन्ही पेरणाऱ्या जालन्याच्या शेतकऱ्याला या दोन आकड्यांतला फरक म्हणजे पेरणीच्या ऐन तोंडावरचा खर्च. दोन्ही आकडे एका वाक्यात बसतात, मी आत्ता बसवून दाखवले. पण मोबाइलवर आलं ते हे: "पीक विम्यात मोठा बदल, शेतकऱ्यांना धक्का, नवा नियम वाचून हादराल." हादरायला तो तयारच असतो हो, त्याची तयारी वर्षभर चालू असते. हप्ता किती ते सांगा.

इथे सुशिक्षित बाजू मानसशास्त्र काढते. उत्सुकता म्हणजे माहितीतली पोकळी, ती निर्माण केली की माणूस भरून काढायला धावतो, असं सांगतात. जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ साली हे मांडलं, हे खरं. पण त्याचा निबंध पुरता वाचण्याइतकी उत्सुकता त्याच्या शिष्यांना झालेली दिसत नाही. पोकळी जाणवायची तर आधी विषयातलं बरंच काही माहीत असावं लागतं, हे त्यानेच म्हटलं आहे. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला उत्सुकताही नसते, आणि जसजसं कळत जातं तसतशी ती वाढते. म्हणजे वाचकाला उत्सुक करायचं तर पहिल्याच परिच्छेदात त्याला भरपूर द्यायला हवं. लपवून उत्सुकता येत नाही, चिडचिड येते. दोन्हींत माणूस पान खाली सरकवतो, म्हणून मोजणाऱ्या यंत्राला फरक कळत नाही. लिहिणाऱ्याला तरी कळावा की नाही?

याचा पडताळा जालन्यानेच दिलेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये शहरातल्या पोलाद उद्योजकांवर आयकर खात्याचे छापे पडले. सळईचे कारखाने ही जालन्याची ओळख, त्यामुळे बातमी मोठी होणारच होती. पण तिचा थाट काही औरच निघाला. अधिकारी वऱ्हाड बनून आले होते. गाड्यांवर 'राहुल वेड्स अंजली' अशी स्टिकरं. छप्पन्न कोटींहून जास्त रोकड सापडली आणि ती मोजायला तेरा तास लागले, अशा बातम्या आल्या. आता सांगा, या मजकुराला कुठला हुक हवा होता? जे घडलं ते क्रमाने एका दमात सांगितलं असतं तर वाचक खुर्चीला खिळला असता. पण विद्या शिकलेल्यांनी काय केलं? "जालन्यात असं काही घडलं की तुमचा विश्वास बसणार नाही." वऱ्हाड चौथ्या परिच्छेदात, स्टिकरं त्याच्याही खाली, आणि तेरा तास व्हिडिओत, व्हिडिओच्या आधी पंधरा सेकंद साबण. फुकट मिळालेलं सोनं मातीत पुरून वर पाटी लावायची की इथे काहीतरी आहे, ही कुठली हुशारी? रोचक गोष्ट रोचक करण्यासाठी ती सांगावी लागते, याहून गूढ यात काही नाही.

हुकवाल्यांचा दुसरा पंथ जास्त सभ्य आणि म्हणून जास्त घातक आहे. तो म्हणतो, गुपित नको, गोष्ट सांगा, माणसापासून सुरुवात करा. ऐकायला छान वाटतं. मराठवाड्याच्या वाट्याला त्याचं फळ काय आलं ते बघा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना टँकरवर जगत होतं, आणि तेव्हापासून जिल्ह्याबद्दलचा प्रत्येक दीर्घ लेख भेगाळलेल्या जमिनीवर, आकाशाकडे बघणाऱ्या म्हाताऱ्यापासून सुरू होतो. तो म्हातारा कोण, कुठल्या शिवारातला, त्याच्या विहिरीला कितव्या फुटावर पाणी लागतं, काही नाही. तो फक्त बघतो. लेखकाला त्याचे सुरकुतलेले हात दिसतात. त्या हातांतला सातबारा दिसत नाही. जालना तालुक्यातल्या कडवंचीवर लिहिणाऱ्यांनीही हा म्हातारा सोडला नाही. कडवंचीत नव्वदच्या दशकात पाणलोटाची कामं झाली, पुढे शेततळ्यांची रांग लागली, आणि कमी पावसाच्या त्या गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. हे वाक्य वाचून कुठल्या शेतकऱ्याच्या मनात प्रश्न येणार नाहीत? तळं किती गुंठ्यांचं, अस्तर कुठलं, खर्च किती, किती बागेला पुरतं? हे विचारणारा वाचक समोर बसलेला असताना त्याला आधी सहाशे शब्द म्हातारा दाखवायचा, ही माणुसकी की टाळाटाळ? गोष्टीशी माझं भांडण नाही. गोष्ट विषयातून आली पाहिजे, विषयाच्या दारावर पहारा द्यायला नको.

मग परंपरेचा दाखला काढतात. आपले कीर्तनकार, आपले संत, सगळे आधी श्रोत्यांना खिळवायचे आणि मग मुद्द्यावर यायचे, असं ठोकून देतात. ज्याने वारकरी कीर्तन एकदा तरी पूर्ण ऐकलं असेल, तो असं म्हणणार नाही. कीर्तनकार निरूपणाला घ्यायचा अभंग सुरुवातीलाच म्हणतो. आज काय ऐकायचं आहे हे पहिल्या काही मिनिटांत मंडपाला ठाऊक असतं, आणि पुढचे दोन तास लोक बसतात ते हा अभंग कसा उलगडतो हे बघायला.

आणि संतच काढायचे तर जालन्याचेच काढू. समर्थ रामदास १६०८ साली जांबेत जन्मले, म्हणजे आजच्या घनसावंगी तालुक्यात. त्यांच्या दासबोधाचा पहिला समास ग्रंथारंभाचा आहे. तो उघडून बघा. अगदी पहिल्या ओवीत ते श्रोत्यांच्या तोंडून तीन प्रश्न विचारून घेतात: हा ग्रंथ कोणता, यात सांगितलं आहे काय, आणि ऐकून मिळणार काय. उत्तर पुढच्याच ओवीत सुरू होतं. ग्रंथाचं नाव, तो गुरुशिष्यांचा संवाद असल्याचं, आणि त्यात भक्तिमार्ग स्पष्ट केल्याचं. मग विषयांची यादी, मग कुठल्या ग्रंथांच्या आधारे हे लिहिलं त्यांची नावं, मग पुरता ग्रंथ न बघता नावं ठेवणाऱ्यांना दोन फटके, आणि शेवटी ऐकल्याचं फळ. सगळं पहिल्या समासात, गणेशस्तवनाच्याही आधी. गणपतीचा नंबर दुसऱ्या समासात लागतो. विघ्नहर्त्याला थांबवून ज्याने वाचकाला आधी अनुक्रमणिका दिली, त्याचं नाव वाचकाला ताटकळत ठेवणाऱ्यांनी घ्यावं? साडेसात हजारांहून जास्त ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्याच पानावर सगळं सांगून टाकल्यामुळे लोक पुढचे एकोणीस दशक न वाचता उठून गेले, असं काही गेल्या साडेतीनशे वर्षांत ऐकिवात नाही.

टिळकांनाही ओढतात. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा १८९७ चा 'केसरी'तला मथळा प्रश्नच नव्हता का, म्हणतात. होता. पण तो वाचून लेखकाचं मत काय आहे याबद्दल कुणाला शंका राहिली होती का? सरकारला तर अजिबात राहिली नव्हती. त्या प्रश्नात लेखाचं सगळं सार होतं. "तुमच्या स्वयंपाकघरातली 'ही' वस्तू ठरतेय घातक?" हे त्याच्या शेजारी ठेवायला जीभ कशी रेटते, हे मला कळलेलं नाही.

आता तांत्रिक बाजूची माणसं घसा खाकरतात. गुगलला लांब सुरुवात लागते, विषयाची ओळख लागते, शोधशब्द लागतात. म्हणून राजूरच्या गणपतीला अंगारकीला जालन्याहून कसं जायचं हे शोधणाऱ्याला आधी कळतं की जालना हा महाराष्ट्रातला एक महत्त्वाचा जिल्हा आहे, तो १ मे १९८१ ला झाला आणि त्यात आठ तालुके आहेत. वंदे भारतची वेळ बघणाऱ्याला १८५३ पासून सुरुवात करावी लागते, बोरीबंदर, ठाणे, सगळं. यंत्राच्या नावावर खपवलेली ही थाप आहे. मथळ्यातून माहिती दडवणाऱ्या मजकुराला मागे ढकलू, हे फेसबुकने २०१६ सालीच जाहीर केलं. माणसांऐवजी शोधयंत्रासाठी लिहिलेला मजकूर खाली ढकलण्याचं गुगलने २०२२ मध्ये सांगितलं. त्यांनी ते कितपत पाळलं यावर स्वतंत्र भांडता येईल. पण यंत्र मागतं म्हणून आम्ही लिहितो, हा बचाव आता यंत्रवालेसुद्धा करत नाहीत.

"मग काय सरकारी प्रेसनोटसारखं लिहायचं?" हा शेवटचा टोला असतो, आणि मारणाऱ्याला तो बिनतोड वाटतो. पण प्रेसनोट काय करते? माननीय पालकमंत्री, माननीय आमदार, माननीय जिल्हाधिकारी, प्रमुख उपस्थिती, शुभहस्ते, आणि सातव्या ओळीला कळतं की पाणीयोजनेचं उद्घाटन झालं; पाणी कधी येणार ते तिथेही नाही. प्रेसनोट आणि क्लिकची बातमी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत, सख्ख्या बहिणी आहेत. दोघींनाही वाचकाला हवी ती गोष्ट शेवटी ठेवायची आहे. एकीला साहेब खूश करायचे असतात, दुसरीला जाहिरातदार.

सरळ सुरुवात कोरडी असते हा समजही तिथूनच आला आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा तुरीचा वाण घ्या. "दाणा पांढरा, साधारण पाच महिन्यांत काढणीला येतो, त्यामुळे परतीचा पाऊस गेल्यावर ज्याच्या रानात ओल फार टिकत नाही त्याने याचा विचार करावा." यात ना प्रश्न, ना गुपित, ना म्हातारा. तरी ज्याच्याकडे हलकं रान आहे तो इथून हलणार नाही, आणि ज्याच्याकडे काळं भारी रान आहे तो उठून दुसरं काही वाचेल. दोघांनाही त्यांचं मिळालं. जालन्याच्या मोंढ्यात उभं राहिलं तर हीच भाषा ऐकू येते: आधी माल, मग भाव, मग इकडच्या तिकडच्या गप्पा. आडत्याने भाव सांगण्याआधी "आज मोसंबीच्या दरात असं काही झालंय की…" असं सुरू केलं, तर शेतकरी ट्रॅक्टर वळवून पुढच्या दुकानापुढे लावेल. मोबाइलवर हेच आपण मुकाट्याने सहन करावं असं का?

उत्तर पैशात आहे, आणि तेवढं प्रामाणिकपणे सांगणारे मला कार्यशाळावाल्यांपेक्षा बरे वाटतात. वाचक पानावर जितका जास्त रेंगाळेल तितक्या जास्त जाहिराती. ठीक आहे, धंदा आहे. पण मग त्याला लेखनकला म्हणू नका, वाचकाचं मानसशास्त्र म्हणू नका, आणि तुमचा हिशेब बसत नाही म्हणून वाचकाला गोल्डफिश ठरवू नका. आणि खरं सांगायचं तर पैसा हेही अर्धंच कारण आहे. मुद्दा पहिल्या ओळीत सांगायला लिहिणारा घाबरतो, कारण तो सांगितला की आपल्याकडे पुढे लिहायला काहीच उरत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हुक लागतो तो पोकळ मजकुराला. ज्याने मोंढ्यात चार माणसांना विचारलं आहे, शासन निर्णय स्वतः वाचला आहे, शेततळ्याच्या काठावर उभं राहून खर्चाचा कागद बघितला आहे, त्याला लपवायला वेळच नसतो. कुठलं आधी सांगू असं त्याला झालेलं असतं.

तेव्हा पीक विम्याच्या बातमीत पहिल्या ओळीला जिल्हा, पीक, रक्कम आणि तारीख द्या. राजूरच्या वाटेवर पहिल्या ओळीला वाट द्या. छाप्याच्या बातमीत पहिल्या ओळीला वऱ्हाड आणा. वाचून झाल्यावर माणूस फोन खिशात टाकून कामाला लागला, तर तुमची सुरुवात चोख होती. आणि त्याने पुढेही वाचावं असं मनापासून वाटत असेल, तर दुसऱ्या परिच्छेदात काहीतरी लिहा.